तिसऱ्या सोनोग्राफीचा प्रश्न

इंग्लंडमधील एखाद्या लहानशा गावच्या आरोग्यकेंद्रात छत्तीस आठवडे भरलेली एक पहिलटकरीण तपासणीच्या बाकावर निजलेली असते. सुईण आपले दोन्ही तळहात तिच्या पोटावर ठेवते आणि बोटांनी हलकेच चाचपत मुलाचे डोके वर आहे की खाली, याचा अदमास घेते. मग साधी मोजपट्टी घेऊन जघनास्थीपासून गर्भाशयाच्या माथ्यापर्यंतचे अंतर मोजते आणि तो आकडा वहीत टिपून ठेवते. ही सुईण म्हणजे आपल्याकडील जुन्या वळणाची दाई नव्हे. ती रीतसर शिक्षण घेऊन नोंदणी झालेली असते. तरीही त्या क्षणी तिच्यापाशी साधन असते ते शेदोनशे वर्षांपूर्वीच्या सुईणीपाशी होते तेच: हात, अनुभव आणि फार तर एक मोजपट्टी. त्याच गावच्या रुग्णालयात पोटातील मूल पडद्यावर हलताना दाखविणारे यंत्र उभे असते. ज्या बाईची प्रकृती निकोप आहे, जिच्या पोटी एकच मूल आहे आणि जिच्याबाबत शंका घेण्याजोगे काहीही आढळलेले नाही, तिला मात्र या वेळी त्या यंत्राकडे पाठविले जात नाही. ते पाठवावे की नाही, आणि पाठविल्यास त्याचा खर्च सरकारी तिजोरीतून व्हावा की नाही, यावर ब्रिटनमध्ये बरीच वर्षे वाद चालू आहे.

वादाचे मर्म समजण्यासाठी तेथील व्यवस्था थोडी पाहिली पाहिजे. ५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. खर्च मुख्यतः करांतून भागवावयाचा आणि उपचाराच्या वेळी रुग्णाकडून पैसे घ्यावयाचे नाहीत, हे तिचे सूत्र. या सेवेत प्रत्येक गर्भवतीला दोन सोनोग्राफी देऊ केल्या जातात. पहिली साधारणतः अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात होते. तीवरून गर्भाचे वय ठरते आणि मुले एक की दोन हे कळते. दुसरी अठराव्या ते एकविसाव्या आठवड्याच्या दरम्यान होते, आणि तीत मुलाचे हृदय, मेंदू, मणका, मूत्रपिंडे यांची घडण तपासली जाते. पुढचे जवळजवळ वीस आठवडे निकोप गर्भवतीची देखरेख हाताने व मोजपट्टीने होते. हा काही निष्काळजीपणा नव्हे, तो ठरवून केलेला निर्णय आहे. शास्त्रीय पुराव्यांवरून आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शिका तयार करणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने ऑगस्ट २०२१ मध्ये प्रसूतिपूर्व काळजीविषयी जी मार्गदर्शिका काढली, तीत एकच मूल असलेल्या निर्वेध गर्भारपणात अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर सरसकट सोनोग्राफी देऊ नये, असे स्पष्ट म्हटले आहे. फ्रान्स व जर्मनी या शेजारच्या देशांत मात्र तिसरी सोनोग्राफी नेहमीच्या क्रमातच असते. फ्रान्समध्ये ती बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास होते. पॅरिसच्या बाईला जे सहज मिळते ते लंडनच्या बाईला का मिळू नये, हा प्रश्न म्हणूनच वारंवार उठतो.

त्यातही योगायोग असा, की हे तंत्र ब्रिटनच्याच भूमीवर वाढले. ग्लासगो येथील प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयन डोनाल्ड यांनी दुसऱ्या महायुद्धात हवाईदलात काम करताना रडार व पाण्याखालील ध्वनिशोधन यांविषयी ऐकले-पाहिले होते. कारखान्यांत धातूच्या जाड पत्र्यांतील अदृश्य भेगा शोधण्यासाठी मानवी कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी वापरतात, हे त्यांना ठाऊक होते. धातूतील भेग सापडते तर शरीरातील गाठ का सापडू नये, असे त्यांच्या मनात आले. १९५५ च्या जुलै महिन्यात शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठी मोटारीत घालून ते ग्लासगोजवळच्या रेनफ्रू येथील बॉयलरच्या कारखान्यात गेले. तुलनेसाठी तेथे गोमांसाचा एक मोठा तुकडाही ठेवलेला होता. द्रवाने भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी निरनिराळे येतात, हे त्यांना तेथे दिसले. पुढे टॉम ब्राउन हे तरुण अभियंते आणि जॉन मॅकव्हिकर हे सहकारी डॉक्टर यांच्यासह त्यांनी लिहिलेला निबंध ७ जून १९५८ च्या ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी मूल पोटात कसे आहे हे पाहावयाचे तर क्ष-किरणांखेरीज दुसरा मार्ग नव्हता. आणि गर्भावस्थेत क्ष-किरण घेतलेल्या मातांच्या मुलांना कर्करोगाचा धोका अधिक असतो, हे ऑक्सफर्डच्या डॉ. ॲलिस स्ट्यूअर्ट यांनी त्याच सुमारास, १९५६ व १९५८ मध्ये, दाखवून दिले होते. त्यामुळे ध्वनीचे हे साधन अगदी वेळेवर आले असेच म्हटले पाहिजे. मात्र क्ष-किरणांच्या त्या अनुभवामुळे गर्भवतीवर कोणतीही गोष्ट सरसकट करण्यापूर्वी तिचा उपयोग सिद्ध झाला पाहिजे, हा दंडकही घट्ट झाला.

तिसऱ्या सोनोग्राफीकडून अपेक्षा दोन आहेत, आणि त्या एकमेकींत मिसळू न देणे फार महत्त्वाचे आहे. सार्वजनिक चर्चेत त्या नेमक्या मिसळल्या जातात. पहिली अपेक्षा अशी, की पोटात ज्या मुलाची वाढ खुंटली आहे ते वेळीच ओळखू यावे. दुसरी अशी, की जे मूल पायाळू आहे, म्हणजे ज्याचे डोके वर आणि बूड अथवा पाय खाली आहेत, ते कळा सुरू होण्यापूर्वीच लक्षात यावे.

पहिली अपेक्षा अधिक मोठी आणि अधिक हृदयस्पर्शी आहे. वार नीट काम करीनाशी झाली म्हणजे मुलाला पोषण व प्राणवायू कमी पडतो. ते हळूहळू खंगते आणि कधी कधी दिवस भरता भरता पोटातच दगावते. ज्या आईवर हा प्रसंग येतो तिला एकच प्रश्न छळत राहतो: शेवटच्या महिन्यात कोणी एकदा आत डोकावून पाहिले असते तर? या प्रश्नापुढे आकडेमोड करणे निष्ठुरपणाचे वाटते; परंतु उत्तर शोधावयाचे तर आकडेमोडीवाचून इलाज नाही.

केंब्रिज येथे जवळजवळ चार हजार पहिलटकरणींचा अभ्यास झाला व तो २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. या सर्व स्त्रियांची अठ्ठाविसाव्या व छत्तिसाव्या आठवड्यात संशोधनासाठी म्हणून सोनोग्राफी केली होती, पण तिचे निष्कर्ष उपचार करणाऱ्यांपासून गुप्त ठेवले होते. नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे शंका आली तरच सोनोग्राफी केल्याने, वजनाने लहान असलेल्या मुलांपैकी शेकडा २० ओळखली गेली. सर्वांची सोनोग्राफी केली असती तर शेकडा ५७ ओळखली गेली असती. जवळजवळ तिप्पट! येथेच थांबले तर वाद मिटल्यासारखा वाटेल. पण नाण्याला दुसरी बाजू आहे. नेहमीच्या पद्धतीत चांगल्या वाढीच्या मुलांपैकी शेकडा २ लहान असल्याचा खोटा इशारा मिळाला होता. सर्वांना तपासल्यास तो शेकडा १० जणांना मिळाला असता. हजार गर्भवती डोळ्यांपुढे आणल्या म्हणजे याचा अर्थ स्पष्ट होतो. वजनाने लहान म्हणजे सर्वांत खालचा दहावा हिस्सा, अशी व्याख्या धरली तर हजारांत अशी मुले शंभर. त्यांपैकी नेहमीच्या पद्धतीने वीस सापडतात, सरसकट तपासणीने सत्तावन्न. परंतु उरलेल्या नऊशे निकोप मुलांच्या आयांपैकी खोट्या इशाऱ्याने घाबरणाऱ्या पूर्वी अठरा होत्या, त्या आता नव्वद होतात. म्हणजे सदतीस मुले अधिक सापडावीत यासाठी बहात्तर बायांना अधिक विनाकारण धास्ती बसते. धास्तीवरच थांबले असते तर तेही सोसवले असते. पण धास्ती बसली की वारंवार तपासण्या होतात, दिवस भरण्यापूर्वीच कळा आणण्याचा विचार सुरू होतो, कधी शस्त्रक्रिया होते, आणि जे मूल आईच्या पोटात सुखाने आणखी तीन आठवडे वाढले असते ते बाहेर काढले जाते.

शिवाय लहान असणे आणि खंगलेले असणे या दोन गोष्टी एक नव्हेत. ठेंगण्या आईबापांचे मूल लहानखुरे असते आणि तसेच ठणठणीतही असते. केंब्रिजच्या अभ्यासात याची एक खूण सापडली. ज्या मुलांच्या पोटाचा घेर दोन तपासण्यांच्या दरम्यान फारच मंदगतीने वाढला होता, त्यांनाच पुढे त्रास होण्याचा संभव अधिक होता. ही खूण मोलाची खरी. पण ती मिळण्यासाठी एका नव्हे, दोन तपासण्यांतील मापे ताडून पाहावी लागतात.

मुले ओळखता येतात हे ठरले. पण ओळखल्याने ती वाचतात काय? सगळा वाद अखेर या एका प्रश्नापाशी येतो. नेदरलँड्समध्ये तेरा हजारांवर निकोप गर्भवतींवर एक मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले. ज्या गटाला शेवटच्या तिमाहीत दोन जादा सोनोग्राफी दिल्या, त्या गटात लहान मुलांपैकी शेकडा ३२ आधी ओळखली गेली; दुसऱ्या गटात शेकडा १९. परंतु जन्माच्या सुमारास मुलांना झालेल्या गंभीर इजा व मृत्यू यांचे प्रमाण पहिल्या गटात शेकडा १.७ आणि दुसऱ्यात १.८ निघाले, म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. त्याआधी २०१५ मध्ये तेरा प्रयोगांचा व सुमारे पस्तीस हजार स्त्रियांचा एकत्रित आढावा कॉक्रेन संस्थेने प्रसिद्ध केला होता. चोवीस आठवड्यांनंतरच्या सरसकट सोनोग्राफीने आईचा अथवा मुलाचा लाभ झाल्याचे त्यातही दिसले नव्हते. येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. मृत मुलाचा जन्म ही सुदैवाने विरळा घटना आहे, आणि विरळा घटनेतील घट पुराव्यानिशी दाखवावयाची तर तेरा हजारच काय, लाख स्त्रियाही कदाचित अपुऱ्या पडतील. ‘लाभ दिसला नाही’ याचा अर्थ ‘लाभ नाहीच’ असा होत नाही. तथापि सरकारी पैशाने लाखो निकोप स्त्रियांना एखाद्या तपासणीत ओढावयाचे, तर लाभ दाखविण्याचे ओझे तपासणी मागणाऱ्यांवर पडते. जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विल्सन व युंगनर यांच्या पुस्तिकेपासून सार्वत्रिक तपासण्यांची जी कसोटी रूढ झाली आहे, ती हीच. नुसता रोग सापडून भागत नाही. सापडल्यावर त्याचे काही भले करता आले पाहिजे.

दुसरी अपेक्षा दिसावयास लहान आहे, पण ती या कसोटीवर पुष्कळच चांगली उतरते. पायाळू मुलाविषयी आपल्या समाजात कितीतरी समजुती आहेत. त्याने पाठीला पाय लावला की उसण जाते, त्याच्यावर वीज पडते, त्याला जमिनीतले गुप्तधन दिसते, असे म्हणत. या समजुतींचे मूळ काहीही असो, पायाळू जन्म हा पूर्वी विरळा आणि जोखमीचा होता, आणि त्यातून जिवंत सुटलेल्या मुलाकडे लोक आश्चर्याने पाहत, एवढे त्यांवरून निश्चित दिसते. दिवस भरताना शंभरातील तीन-चार मुले अशी असतात. जन्मताना अंग आधी बाहेर येते, आणि शरीराचा सर्वांत मोठा भाग म्हणजे डोके शेवटी राहते. ते अडकले तर हाताशी मिनिटेच असतात. सव्वीस देशांतील दोन हजारांवर स्त्रियांचा एक प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. पायाळू मुलाचे सिझेरियन आधी ठरवून केले तर मुलाचा मृत्यू वा गंभीर इजा शेकडा १.६ जणांत, आणि नैसर्गिक प्रसूतीचा बेत असेल तर शेकडा ५ जणांत, असे त्यात आढळले. त्या प्रयोगावर पुढे बरीच टीका झाली. पण मूल पायाळू आहे हे आधी ठाऊक असणे आणि ते कळांच्या ऐन भरात कळणे यांत महदंतर आहे, याबद्दल कोणाचेच दुमत नाही.

आता हाताने चाचपून हे किती कळते? केंब्रिजच्याच ३,८७९ पहिलटकरणींपैकी १७९ जणींचे मूल छत्तिसाव्या आठवड्यात पायाळू असल्याचे सोनोग्राफीत दिसले. त्यांपैकी ९६ जणींच्या बाबतीत, म्हणजे निम्म्याहून अधिक जणींत, त्यापूर्वी कोणालाही शंका आलेली नव्हती. इतक्या तरबेज हातांनाही मुलाचे बूड डोक्यासारखेच लागते, हा काही त्या हातांचा दोष नव्हे. ही गोष्ट कळल्यावर ८४ जणींचे मूल बाहेरून हलक्या दाबाने फिरविण्याचा प्रयत्न झाला. तो फक्त १२ जणींत साधला. अखेर १७९ पैकी ११० जणींचे सिझेरियन ठरल्या दिवशी झाले, ५० जणींचे तातडीने करावे लागले, आणि १९ जणी नैसर्गिक रीतीने बाळंत झाल्या. सोनोग्राफीने शस्त्रक्रिया टळतात असा प्रचार कोणी करीत असेल तर हे आकडे त्याने पाहावेत. पुष्कळदा शस्त्रक्रिया होतेच. फरक एवढाच, की ती मध्यरात्रीच्या धावपळीत होत नाही, ठरलेल्या सकाळी होते. आणि कळा सुरू झाल्यावर मूल पायाळू निघाले असा प्रसंग या १७९ पैकी एकीवरही आला नाही.

हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा संशोधकांनी पुढचा हिशेबही मांडला. सर्व पहिलटकरणींना छत्तिसाव्या आठवड्यात अशी तपासणी दिली तर दरवर्षी पायाळूपणाची न ओळखलेली सुमारे पंधरा हजार प्रकरणे टळतील, तातडीची चार हजारांवर सिझेरियन टळतील आणि सात ते आठ मुलांचे प्राण वाचतील. एका तपासणीला १९.८० पौंडांहून कमी खर्च येत असेल तर आरोग्यसेवेच्या रूढ मापाने तो खर्च योग्य ठरेल, १२.९० पौंडांहून कमी आला तर उलट पैसे वाचतील. सात-आठ मुले! सहा लाखांच्या आसपास जन्म होणाऱ्या देशात हा आकडा कोणाला क्षुल्लक वाटेल. मात्र ज्या सात-आठ घरांत पाळणा रिकामा राहतो त्यांना तसे वाटणार नाही, आणि त्यांची नावे आधी कळण्याची सोय नसल्यामुळेच सर्वांना तपासावे लागते. वाढीच्या तपासणीबाबत मात्र त्याच संशोधकांच्या २०२१ च्या सविस्तर अहवालात असा अनुकूल निष्कर्ष निघू शकला नाही.

खर्चाचा आकडा इतका बारकाईने का पाहावयाचा, असे विचारले जाते. त्याचे कारण यंत्राच्या किमतीपेक्षा माणसांत आहे. सोनोग्राफी करणाऱ्या प्रशिक्षित तंत्रज्ञांचा ब्रिटनमध्ये अनेक वर्षे तुटवडा आहे. निकोप स्त्रीसाठी वीस-तीस मिनिटे द्यावयाची तर ती कोणाच्या तरी वाट्यातूनच काढावी लागतात: कदाचित रक्तदाब वाढलेल्या बाईच्या, कदाचित पूर्वी मूल दगावलेल्या बाईच्या. इंग्लंडमध्ये २०१६ पासून मृतजन्म कमी करण्यासाठी जी कार्यपद्धती लागू झाली, तीत अशा जोखमीच्या स्त्रियांसाठीच पुन्हा पुन्हा सोनोग्राफी करण्यावर भर आहे. सर्वांना थोडे देताना ज्यांना अधिक हवे त्यांचे कमी होऊ नये, हा आक्षेप वरवर वाटतो तितका पोकळ नाही. दुसऱ्या बाजूने असेही दिसते, की सरकारी सेवा देत नाही म्हणून तपासण्या थांबतात असे मुळीच नाही. ज्यांना परवडते त्या स्त्रिया खाजगी दुकानवजा केंद्रांत जाऊन पैसे मोजतात, मुलाच्या चेहऱ्याचे चित्र घेऊन घरी येतात आणि निश्चिंत होतात. चित्र सुंदर असले म्हणजे तपासणी नीट झाली असे नव्हे, हे त्यांना कोणी सांगत नाही. ज्यांना परवडत नाही त्या सुईणीच्या हातांवर विसंबून राहतात. सर्वांना समान सेवा हे ज्या व्यवस्थेचे ब्रीद, तिला ही गोष्ट टोचल्यावाचून राहत नाही.

आपल्याकडे हाच विषय निघाला की त्याला निराळेच वळण लागते. येथे या यंत्राचा इतिहास मुलींच्या गर्भपाताने काळवंडलेला आहे. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला व २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. यंत्राची नोंदणी, प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीचा भरून ठेवावयाचा तक्ता, तपासणी करणाऱ्या डॉक्टरची पात्रता या सर्वांवर त्या कायद्याचे लक्ष असते. सरकारी दवाखान्यांत जून २०१६ पासून दर महिन्याच्या नऊ तारखेला गर्भवतींची मोफत तपासणी करण्याची जी योजना आहे, तीत निदान एक सोनोग्राफी व्हावी असा हेतू आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ ची शिफारसही चोविसाव्या आठवड्यापूर्वी एक सोनोग्राफी करावी अशीच आहे. तिसरी हवी की नको हा वाद जेथे पहिल्याच दोन प्रत्येकीला मिळतात तेथे उभा राहतो. जेथे पहिलीसाठीच बस पकडून तालुक्याला जावे लागते तेथे तो अजून उभा राहावयाचा आहे.

ब्रिटनमध्ये या पेचातून निघणारी एक वाट अलीकडे दिसू लागली आहे, आणि ती दोन अपेक्षांची फारकत केल्यानेच सापडली. मुलाची वाढ मोजावयास कुशल तंत्रज्ञ आणि मोठे यंत्र लागते. डोके वर आहे की खाली एवढेच पाहावयाचे तर खिशात मावणारे छोटे उपकरणही पुरते आणि ते सुईणीला थोड्या शिक्षणाने वापरता येते. २०२३ मध्ये इंग्लंडमधील दोन रुग्णालयांचा अनुभव प्रसिद्ध झाला. लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात सर्वांना शेवटच्या तिमाहीत नेहमीची सोनोग्राफी दिली; तेथे पायाळू मुलांपैकी आधी लक्षात न आलेल्यांचे प्रमाण शेकडा १४.२ वरून २.८ वर आले. नॉर्विच येथे सुईणींच्या हाती छोटी उपकरणे दिली. तेथे ते १६.२ वरून ३.५ वर आले. दोन्ही ठिकाणी तुलना आधीच्या व नंतरच्या काळाची होती, चिठ्ठ्या टाकून केलेल्या दोन गटांची नव्हती, एवढी उणीव तीत आहे. परंतु महागड्या तपासणीने जे साधले जवळजवळ तेच स्वस्त तपासणीने साधले, हे उघड आहे.

नॉर्विचच्या पद्धतीत छत्तिसाव्या आठवड्याच्या त्याच भेटीत, त्याच बाकावर, तीच सुईण चाचपून झाल्यावर ते उपकरण पोटावर टेकवते आणि मुलाचे डोके कोठे आहे ते पाहते. वेगळी वेळ मागावी लागत नाही, तंत्रज्ञाच्या रांगेत भर पडत नाही, आणि मुलाच्या वजनाविषयी त्या उपकरणाला काही विचारलेच जात नसल्यामुळे खोटी धास्ती पसरण्यासही फारसा वाव उरत नाही. आता हिशेब राहतो तो उपकरणांची किंमत, सुईणींच्या शिक्षणाचे दिवस आणि १९.८० पौंडांची ती मर्यादा यांचा.